ठमीजवळ

८ जानेवारी

पोर घरात नव्हती!

कामावरून आले तर पुढचं दार सताड उघडं. सासूबाय मागच्या पायरीवर करंदी सोलत बसलेली. शांत. मी पायातली चप्पल पण काढली नाय. खाटेवर बघितलं, मोरीत बघितलं, पिंपामागं बघितलं. तेजू नाय.

"आई, तेजू कुठं?"

"ठमीजवळ हाय."

कोण ठमी? लग्न होऊन कॉलनीत आले त्याला तीन वर्सं झाली, एक पण ठमी ऐकली नाय मी. दोन गल्ल्या पळत फिरले. शेवटी आमच्याच मागं सापडली — रिकाम्या प्लॉटमध्ये अर्धवट भिंत हाय, तिच्या सळया वर आलेल्या हायत. दोन सळयांना लुगडं बांधून झोळी केलेली. आत तेजू गाढ झोपलेली. बाजूला अजून एका लुगड्याची गुंडाळी ठेवलेली, पोर लोळू नये म्हणून असेल. सळईचं टोक तिच्या डोक्यापासून वीतभर! खाली कुत्रा पसरलेला.

पाण्याच्या टाकीच्या आड होतं सगळं, म्हणून मला आधी दिसलं नाय.

उचलली तिला. सासूबाय पायरीवरून माझ्यावरच ओरडली — "उठवू नको गो! आत्ता कुठं डोळा लागलाय!"

चौदा महिन्यांची हाय माझी पोर. अजून नीट चालत पण नाय.

९ जानेवारी

गेले कामावर. काय करणार. कंपनीत डबे भरताना हात चालू, डोकं घरी. जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या विजयाकाकूला फोन केला, जरा आमच्याकडं डोकावा म्हणून.

"अगो, तुझ्या सासूनं सहा पोरं वाढवली. तू कालची. कसली काळजी करते?"

गेली मात्र बघायला. पोर पाटावर बसून भात खाते, म्हणाली.

उगाच घाबरते काय मी?

१२ जानेवारी

आज सुट्टी, पण कसला आराम! धीरज आला विडिओ काढायला. त्याच्या मागून कमलाकांतमामा, विजयाकाकू, अजून चार बायका. सगळ्यांना चहा.

खारभाट म्हणजे ह्यांचा जुना गाव. दर्याला लागून होता. प्रकल्पात गेला, माणसं उचलून इथं आणली. आता तिकडं भिंत हाय, आत सोडत नाय. माझा नवरा दर्पण तेव्हा दहा-अकरा वर्सांचा होता. माझं माहेर मुरब्याला, मी खारभाट बघितला पण नाय. तरी मला वाटतं मी तिथंच नांदते! कॉलनीत कुणाकडं पण जा, अर्धं बोलणं खारभाटचं. मागच्या महिन्यात दोन भावांचं भांडण झालं — जुन्या घराच्या पागोळीचं पाणी कुणाच्या अंगणात पडायचं त्यावरून. पागोळी नाय, अंगण नाय, भांडण हाय.

धीरज पालघरला ऑफिसात हाय. सुट्टीच्या दिवशी म्हाताऱ्या माणसांना बोलतं करतो नि ग्रुपवर टाकतो. सासूबाय त्याची लाडकी. आणि खरंच, बोलायला लागली की ऐकत बसावं असं बोलते.

विहिरीचं सांगितलं आज. "विहिरीला पाणी दोन. वरचं गोडं, खालचं खारं. सून नवीन आली की बादली खोल सोडायची. मग घरात चहा खारट! सासरा म्हणायचा, आली वाटतं नवी."

सगळे हसले. मी पण हसले.

मग सायबाच्या खडकाचं. इंग्रजांच्या टायमाला कुणा गोऱ्या सायबाचं गलबत त्या खडकावर फुटलं म्हणे. मामा मधेच — "गलबत नाय काशे, होडी. आणि सायब नव्हता त्यात, सायबाचा खानसामा होता."

"मग खानसाम्याचा खडक म्हणू? बरं दिसतं ते?"

"खरं ते खरं."

"तू होता काय रं होडीत?"

धीरज मोबाईल धरून हसत होता, हात हलत होता. मी तेवढ्यात विचारून घेतलं — आई, ठमी कोण?

सासूबायचा चेहराच बदलला. एकदम मऊ झाला. "ठमी! डोंगरातली गो. बोंबलाचे दिवस लागले की वलांडीवर यायची."

वलांडी म्हणजे बोंबील वाळत घालायचे बांबू. आमच्या मुरब्याला पण हायत.

मामा म्हणाले, "हां हां! पाऊस संपला की वारल्यांची माणसं यायची ना कामाला. ठमी त्यातलीच. पोरं सांभाळायची ती."

"माझ्या नंदेला पण तिनंच खेळवलेलं असेल," विजयाकाकू.

"असेल काय, खेळवलेलंच!"

"आमच्या पोरी ठमीजवळ असायच्या," सासूबाय म्हणाली, "मग आमाला कामाला घोर नव्हता."

धीरज खूश. हे कुणीच सांगितलं नव्हतं, म्हणाला. ग्रुपवर नाव दिलं — 'खारभाटची सगळ्यांची आई, ठमी'. बदाम आले किती! वसईवरून, नायगाववरून, दुबईवरून एक.

मी म्हटलं, पण परवा आमची तेजू ठमीजवळ हाय म्हणाल्या. नि पोर सळईला टांगलेली.

सगळे परत हसले. "वहिनी, जुनी माणसं अशीच बोलतात!"

१४ जानेवारी

संक्रांत. सासूबायनी मला तीळगूळ दिला. थोड्या वेळानं परत दिला. विचारलं — तू कोणाची गो?

मी म्हटलं, दर्पणची. "दर्पण अजून लहान हाय," म्हणाली नि हसली.

१७ जानेवारी

दर्पण आला. सातपाटीला बोट लागली, बर्फ भरून परत जायची. एक दिवस घरी. आला तो जेवला नि झोपला. अंगाला डिझेलचा वास. उठल्यावर सांगितलं सगळं. झोळी, सळई, तीळगूळ.

"आई विसरते? आई?" त्यानं मोबाईल काढला. "हे बघ. गावातल्या एकेका घराचं नाव सांगितलंय तिनं, दर्यापासून वडापर्यंत. तू सांगशील मुरब्याची?"

"जुनं नाय विसरत. आत्ताचं विसरते."

"म्हणजे डोकं चांगलं हाय."

"दर्पण, तिला तू लहान वाटतोस."

"आईला पोरगा लहानच वाटतो."

मग म्हणाला, तुला काम सोडायचं नाय, आईला धरून चालायचं नाय, मग माझा दर्यात जीव कसा लागेल? मी कुठं म्हटलं काम सोडायचं नाय? मी म्हटलं पोर मरेल. पण मानलं नाय त्यानं. सासूबाय आतून आली, त्याच्या ताटात दोन बोंबील जास्त वाढले, डोक्यावरून हात फिरवला. एकदम बरी होती. बरोबर आजच बरी!

तो मला बघत होता — बघ, असं.

२० जानेवारी

पोर झोपली. आता लिहिते.

दुपारी विजयाकाकूचा फोन. "आत्ताच्या आत्ता ये." सुपरवायझरला सांगितलं नि निघाले. रिक्षात पूर्ण रस्ता तोंडात पदर.

झोळी गेटला बांधलेली. कॉलनीच्या मोठ्या लोखंडी गेटला, रस्त्यावर! कंपनीचे टेम्पो, टँकर जातात तिथून. कुणीतरी गेट ढकललं नि झोळी पण गेटाबरोबर रस्त्यावर गेली. टँकरवाल्यानं ब्रेक मारला. उतरून त्यानंच पोर काढली. "किसका बच्चा है?" ओरडत होता. काकूनं ओळखली.

तेजूला खरचटलं पण नाय. हसत होती.

सासूबाय तिथं नव्हतीच. तलावाकडं सापडली, चालत निघालेली. "वलांडीवर जाते. बोंबील उलटायचे हायत, ऊन जाईल." पोर कुठं टाकली म्हटलं तर — "टाकली कशाला? ठमीजवळ हाय."

आणि लोक काय बोलले? मलाच बोलले. विजयाकाकू सगळ्यांसमोर — "एवढीशी पोर म्हातारीच्या गळ्यात टाकून ही कामाला जाते." मी म्हटलं काकू, सासूबाय बऱ्या नाय, डोक्यानं बऱ्या नाय. तर म्हणते, "सून कंटाळली की सासू येडी ठरते. बघितलंय आमी."

मी तेजूला घट्ट धरून बसले. ती रडायला लागली तेव्हा कळलं, फार घट्ट धरलेली.

आता काय करू? ठेवू कुणाजवळ? माझी आई मुरब्याला मासळी घेऊन बाजारात जाते. दर्पण दर्यात. फोन लागत नाय.

२१ जानेवारी

तेजूला घेऊन कामावर गेले. गेटवरच अडवलं. सुपरवायझर वाईट नाय पण. "दीदी, बच्चा अंदर नहीं चलेगा. कुछ हो गया तो मैं जाऊँगा." खरं हाय त्याचं.

बुधी होती गेटवर. माझ्या लायनीत काम करते, बेटेगावच्या पुढच्या पाड्यातली. माझं तोंड बघून थांबली. तिला सांगितलं सगळं, तिथंच उभ्यानं. ठमीचं पण सांगितलं.

"ठमी?" म्हणाली. "आमच्या पाड्यात ठमीमावशी हाय. म्हणते मी दर्यावर वाढले."

"ठमी नावाच्या पन्नास असतील."

"असतील. इचारते."

घरी आले. झोपले नाय, जेवले नाय, पोरीला मांडीवर घेऊन बसले. समोर सासूबाय. ती पण बसली. दुपारभर आमी तिघी एकमेकींना बघत होतो.

२३ जानेवारी

तीन खाडे झाले.

धीरज आला होता. सव्वीस तारखेला देवळाच्या हॉलमध्ये कार्यक्रम हाय, खारभाटच्या आठवणींचा. सासूबायला शाल द्यायची. मी त्याला बाहेर घेतलं नि सांगितलं — त्यांना नको बोलवू. त्या आजारी हायत. गावाचं बोलल्या की दोन दिवस गावातच असतात, परत येत नाय. पोरीला धोका हाय माझ्या.

तो ऐकून घेतो हां, तसा चांगला पोरगा हाय. पण म्हणाला, "वहिनी, काशीमावशी म्हणजे चालतंबोलतं खारभाट हाय."

मी म्हटलं, "खारभाटात चालतात, धीरजभाऊ. कॉलनीत नाय."

त्याला वाटलं मी छान बोलले. हसला. हे लिहायला पाहिजे म्हणाला.

२४ जानेवारी

बुधीचा फोन. तीच ठमी हाय. काशी म्हटल्यावर रडायला लागली म्हणे. येणार हाय सव्वीसला. धीरजला पण कळवलं.

मला काय वाटतंय ते पण कळत नाय. खरी ठमी! कुठंतरी वेड्यासारखं वाटतं — आली तर तिच्याजवळ ठेवता येईल तेजूला.

२६ जानेवारी

काय सांगू आणि कसं सांगू.

हॉल भरलेला. पोरांनी भिंतीवर खारभाटचा नकाशा लावलेला, विहीर, वड, देऊळ, सायबाचा खडक. खडकावर गलबत काढलेलं. कमलाकांतमामा नकाशाजवळ उभे राहून येईल त्याला सांगत होते, "होडी होती."

सासूबायनी नवीन लुगडं नेसलेलं. माईक धरला नि अशी बोलली! ट्रक आले तो दिवस सांगितला. लोकांनी दारं-चौकटी उपटून ट्रकमध्ये घातल्या. एकीनं चूल काढली मातीसकट, ती दुसऱ्या वळणावर फुटली. देव कुणी उचलायचा त्यावरून वाद झाला, तोवर देव उन्हात. "आमी म्हटलं, देवाला तरी टोपी घाला कुणी." लोक हसत होते नि डोळे पुसत होते. मी मागं तेजूला घेऊन. मला पण रडू आलं. खोटं कशाला लिहू.

मग धीरजनं सांगितलं — आज आपल्यात खरी ठमी आलीय!

टाळ्या, शिट्ट्या. बुधी तिला घेऊन पुढं आली. पन्नाशीची बाई, बारीक, केस घट्ट बांधलेले. सरळ सासूबायच्या पायाशी बसली. सासूबायनी तिच्याकडं बघितलं. नमस्कार केला, पाहुण्याला करतात तसा. ओळखलं नाय.

धीरजनं माईक पुढं केला. "मावशी, सांगा ना, गावातली एवढी पोरं कशी सांभाळायचा तुमी?"

ठमीला कळेना. "कोण? मी?"

"हो, तुमीच."

"मी नाय सांभाळली कुणाची पोरं. मीच पोर होते! झोळीत होते."

लोक हसले. तिला वाटलं आपलं चुकलं. मग हळू सांगायला लागली. तिची आई वलांडीवर कामाला यायची. ही तान्ही. आईला ताप भरला, दूध गेलं. "हिनं मला पाजलं. हिची पोर नि मी, दोघी एका झोळीत. माझी आई सांगायची, काशी नसती तर तू नसती. मला काय आठवतं? मी एवढीशी होते."

टाळ्या सुरू झाल्या, आधीपेक्षा मोठ्या. सगळ्यांचे मोबाईल वर. कुणीतरी ओरडलं, "खारभाटची माया!" कालपर्यंत ठमी सगळ्यांची आई होती, आज सासूबाय ठमीची आई झाली. कुणाला काय फरक पडला नाय. मामा म्हणाले, "तेच सांगत होतो मी." विजयाकाकूच्या नंदेचं काय ते कुणी विचारलं नाय.

पण माझ्या डोक्यात एकच शब्द. 'ठमीजवळ'!

आमी सगळे समजत होतो, सासूबाय पोर कुणाच्या तरी हवाली करते. चुकीच्या माणसाच्या, नसलेल्या माणसाच्या, पण हवाली करते. तसं नव्हतंच. ती तेजूला ठमीच्या बाजूला झोपवत होती. दोन पोरी, एक झोळी. ती लुगड्याची गुंडाळी! ती ठमी होती. तिच्या डोक्यात तान्ही ठमी नि तान्ही अर्चना — माझी मोठी नणंद — अशा झोपल्या हायत, नि ती दोन पावलांवर बोंबील घालतेय. पोरीजवळ मोठं माणूस कुणीच नव्हतं. तिच्या डोक्यात पण नव्हतं!

जाताना ठमी माझ्याजवळ आली. तेजूच्या पायाला हात लावला. सगळे वडापावकडं गेलेले.

"तुझी सासू बरी नाय ना गो?"

मी मान हलवली.

"माझी आई पण शेवटी अशीच झालेली. घरातून निघायची, पाय नेतील तिकडं जायची." मग म्हणाली, "पोरीला एकटी नको ठेवू हिच्याजवळ. माया केली म्हणून सांगते, नको ठेवू."

तीन आठवडे ओरडते मी. पयल्यांदा कुणीतरी म्हणालं.

२७ जानेवारी

आज मागच्या पायरीवर बसून बघितलं, सासूबाय बसते तिथं. खाली बसलं की टाकीच्या स्टँडखालून भिंत दिसते. सळया दिसतात. झोळी पण दिसत असणार. त्या दिवशी मी उभी होते म्हणून मला दिसली नाय. ती पोरीवर नजर ठेवून बसलेली.

पण गेटाच्या दिवशी नजर नव्हती. म्हणजे एक दिवस नजर असते नि एक दिवस नसते. कुठला दिवस कुठला, ते मला कसं कळायचं?

३१ जानेवारी

दर्पण आला. गेटाचं त्याला मामानीच सांगितलं, म्हणून ऐकून घेतलं. माझं ऐकलं नसतं. रागावला आधी, मला नाय, टँकरला! मग कार्यक्रमाचा विडिओ बघितला. ठमी पायाशी बसते नि आई परक्यासारखा नमस्कार करते, तेवढंच तीन वेळा लावलं.

"दमली असेल," म्हणाला.

आता सांगायची पण ताकद नाय.

३ फेब्रुवारी

पालघरला दवाखान्यात. तेजू मांडीवर, सासूबाय मधे, दर्पण त्या बाजूला. डॉक्टरीण बाई तरुण होती, मऊ बोलत होती.

"आजी, कुठं राहता?"

"खारभाट."

"घराशेजारी काय आहे?"

झालं! वड, विहीर, मोहनच्या बापाची पडाव होडी, सगळं सांगितलं. दर्पणचा चेहरा फुलला. माझ्याकडं बघितलं पण त्यानं — सांगितलं नव्हतं मी? डॉक्टरीण बाई लिहीत राहिली.

"मुलं किती?"

"सहा. शेवटचा दर्पण."

"आणि हे कोण?"

सासूबायनी त्याच्याकडं नीट बघितलं. मला वाटलं म्हणेल आता. देवा, म्हणू दे.

"खलाशी हाय," म्हणाली. "बोटीवरचा. बिचारा बसलाय मघापासून, चहा तरी द्या त्याला."

दर्पण उठून बाहेर गेला. मी गेले नाय. जाऊन काय बोलणार, मी सांगत होते म्हणून? बाहेर नळाला तोंड धूत होता तो. खूप वेळ धूत होता.

परत येताना गाडीत म्हणाला, "जागू, तू काम सोड."

मला माहीत होतं हेच येणार. दुसरं कोण हाय? सोडते म्हटलं.

४ फेब्रुवारी

बोट सोडता येत नाय त्याला सीझन संपेपर्यंत. गेला. जाताना आईच्या पाया पडला. तिनं विचारलं, "किती दिवसांनी आलास रं घरी?" ओळखून विचारलं की खलाशाला विचारलं, कळलं नाय आमाला.

७ फेब्रुवारी

मागच्या दाराला कडी केली, पुढच्या दाराला पण. तेजू माझ्या नजरेसमोर, सासूबाय माझ्या नजरेसमोर. एकीला भरवते, दुसरीला भरवते. विजयाकाकू आज आली, बसली थोडा वेळ, जाताना म्हणाली तुला बाजारात जायचं असलं तर पोरीला माझ्याकडं दे. मागचं काय बोलली नाय. मी पण नाय.

बुधीचा फोन — लायनीत तुझ्या जागेवर नवीन पोरगी आली. डबे उलटे लावते, म्हणाली. मला हसू आलं.

१६ फेब्रुवारी

सासूबाय आज दिवसभर काय बोलली नाय.

२२ फेब्रुवारी

ठमी येऊन गेली. भाजी घेऊन आली पाठीवर. सासूबायजवळ बसली, केस विंचरले तिचे. सासूबायनी विंचरू दिले. मला तेवढ्यात डोक्यावरून आंघोळ करता आली. कधी केली होती मागं, आठवत नाय.

२ मार्च

तेजू चालायला लागली. सासूबायपासून माझ्यापर्यंत. सासूबायनी विचारलं, ही कोणाची?

आता ती पोरीला उचलत नाय. भीती कमी झालीय माझी. बरं वाटायला पाहिजे.

११ मार्च

धीरज आला. होळी जवळ आली, खारभाटची होळी कशी असायची तेवढं मावशीकडून पाहिजे म्हणाला. मोबाईल लावला. सासूबाय मोबाईलकडं बघत राहिली. मग मला हळूच विचारलं, "खारभाट कुठं आलं गो?"

धीरजचा हात खाली आला.

मला ते बघवेना. म्हटलं, मी सांगते, मला त्यांनी सांगितलंय सगळं. आणि सांगितलं — सुपारीचं झाड वाजत गाजत कसं आणायचे, नवीन नवरीला कसं फिरवायचे, बोटींना कशी गोंड्याची फुलं बांधायचे, पोरं कुणाच्या कुडाची लाकडं चोरायची नि ती म्हातारी कशी शिव्या द्यायची. सासूबाय मान हलवत होती. "हां. अशीच. अशीच असायची."

ग्रुपवर गेलं पण. कमलाकांतमामानी लिहिलंय, अगदी बरोबर.

ती मुरब्याची होळी होती. माझ्या लहानपणीची. कुणाला सांगणार नाय.